पावसाळ्याआधी सोसायटीच्या डॅशबोर्डची तयारी

वडोदऱ्यात विश्वामित्री नदीकाठच्या सोसायटीसाठी पुराचा डॅशबोर्ड, म्हणजे पुराचे आकडे एका स्क्रीनवर दाखवणारा फलक, करायचा असेल, तर लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर प्रश्न लिहून काढा. बेसमेंटमधल्या गाड्या केव्हा हलवायच्या? तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना वर केव्हा न्यायचं? लिफ्ट केव्हा बंद करायची? या तीन प्रश्नांना लागतील तेवढेच आकडे ठेवा. आर्द्रता, वाऱ्याचा वेग, गेल्या वर्षीची सरासरी हे सगळं मिळतं खरं, पण त्यावरून कुणी गाडी हलवणार नाही.

मग आकड्यांची छाननी. इथे अजिबात घाई नको. ज्यातून विश्वामित्रीत पाणी सोडतात त्या आजवा सरोवराची पातळी 211-212 फूट अशी सांगतात, ती समुद्रसपाटीपासूनची. काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी सांगतात ती तिथल्या मोजपट्टीवरची. ऑगस्ट 2024च्या पुरात ती 35 फुटांच्या वर गेली होती. दोन्हीकडे फूटच, पण मोजायची सुरुवात वेगळी. दोन्ही एकाच अक्षावर बसवले, तर नदी दहा फूट चढली तरी रेघ जेमतेम हललेली दिसेल. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा अक्ष दिला, तर रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे लोक नसलेला अर्थ शोधत बसतात. त्यापेक्षा दोन आलेख एकाखाली एक ठेवा आणि वेळ दोन्हीकडे एकाच मापाने मांडा. आजव्यातून पाणी सोडल्यावर नदी किती वेळाने चढू लागली, हे मग कुणालाही बघूनच कळतं.

नदीच्या आकड्याशेजारी ती तासाभरात किती चढली किंवा उतरली, तेही हवंच. 20 फूट आणि उतरती नदी असेल तर झोपता येतं. 20 फूट आणि चढती असेल तर जागं राहावं लागतं. प्रत्येक आकड्याखाली तो किती वाजताचा ते लिहा. माहिती आली नसेल तर रेघ तिथे तुटू द्या. शून्य भरलंत तर नदी आटल्यासारखी दिसेल.

गाडीच्या स्पीडोमीटरसारखी तबकडी दिसायला छान, पण ती टाळा. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 साली प्रयोगांतून दाखवलं, की कोनापेक्षा एका समान पट्टीवरची जागा माणूस जास्त अचूक वाचतो. साधी रेघ काढा आणि धोक्याच्या पातळीची आडवी रेघ तिच्यावर ठळक आखा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, प्रत्येक सोसायटीत असू शकतात. म्हणून रंगाबरोबर ‘धोका’ हा शब्दही लिहा. शब्द मराठीत आणि गुजरातीतही, कारण रात्री गेटवर वॉचमनभाई असतात आणि पहिली धावपळ त्यांनाच करायची असते.

तयार झालं की साध्या मोबाइलवर, ब्राइटनेस कमी करून, उघडून बघा. जे काका-काकू या कामात नव्हते त्यांच्या हातात द्या आणि फक्त एवढंच विचारा: “आत्ता गाडी काढायची का?” उत्तर द्यायला त्यांना स्क्रीन वर-खाली सरकवावी लागली, तर महत्त्वाचा आकडा चुकीच्या जागी आहे. वीज आणि नेट जाणार हे धरून, त्याच चित्राचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायची सोय करा. रात्री आकडे कोण भरणार, आणि ते गावाला गेले तर कोण, ही दोन नावं जूनआधीच ठरवून नोटीस बोर्डवर लावा.