सॉस रिपोर्ट अपडेट करताय? या चुका टाळा

सर्व्हर आजारी पडलाय, सपोर्टवाल्याने पहिल्याच मेलमध्ये "सॉस रिपोर्ट पाठवा" म्हणून मागितलंय, आपण कमांड मारतो तर निघते कुठली तरी जुनीपुराणी आवृत्ती, मग घाईघाईत अपडेट मारायचं, आणि तिथून पुढे जो गोंधळ सुरू होतो त्याबद्दल हे लिहितोय.

नवीन लोकांसाठी पटकन सांगतो. सॉस हे पायथॉनमध्ये लिहिलेलं टूल आहे, मशीनवरचे लॉग, कॉन्फिग फायली आणि ढीगभर कमांडचं आउटपुट गोळा करून एका टार फाइलमध्ये बांधून देतं. रेड हॅट आणि फेडोरात पॅकेजचं नाव सॉस, उबुंटूत बरीच वर्षं सॉसरिपोर्ट. चालतं रूट म्हणून, आणि चालवायची वेळ येते ती नेमकी मशीनची तब्येत बिघडलेली असताना, त्यामुळे एखाद्या एडिटरसारखं हे डोळे झाकून अपडेट करून चालत नाही. (कमांड आणि पाथ इथे देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलमध्ये इंग्रजीतच टाका.)

"पॅकेज अपडेट झालं म्हणजे झालं"

ही सगळ्यात मोठी चूक आणि मी स्वतः केलेली आहे. एका ठिकाणी सर्व्हरवर ३ मालिकेतला सॉस होता, मी ४ वर नेला, अपडेट एकही एरर न देता झालं, मी खूश. त्या मशीनवर रूट पार्टिशन छोटं होतं म्हणून आधीच्या माणसाने /इटीसी/सॉस.कॉन्फमध्ये टेम्प डिरेक्टरी दुसऱ्या मोठ्या डिस्कवर ठेवली होती आणि दोन जड प्लगिन (सॉसचे एकेका विषयाची माहिती गोळा करणारे तुकडे) बंद केले होते. आता ४.० मध्ये कॉन्फिग फाइलची जागाच बदलली, ती /इटीसी/सॉस/सॉस.कॉन्फ झाली. जुनी फाइल आरपीएमने (रेड हॅटकडची पॅकेज बसवणारी यंत्रणा) गुपचूप .आरपीएमसेव्ह शेपूट लावून बाजूला ठेवली, नवीन फाइल आली ती सगळ्या ओळी कॉमेंट केलेली, आणि पुढच्या वेळी क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) रिपोर्ट चालवला तेव्हा तो डिफॉल्ट जागी म्हणजे /व्हार/टीएमपीमध्ये, म्हणजे त्याच छोट्या रूट पार्टिशनवर, बंद केलेल्या प्लगिनसकट सगळं गोळा करत बसला. डिस्क फुल्ल. रोगाचं निदान करायला आणलेल्या टूलनेच रोग लावला.

आणि बरं, जुनी फाइल उचलून नवीन जागी कॉपी केली तरी भागत नाही. सेक्शनची नावं बदललीत. आधी जनरल, प्लगिन्स, ट्यूनेबल्स असे सेक्शन होते, आता ग्लोबल, रिपोर्ट, कलेक्ट, क्लीन आणि प्लगिन_ऑप्शन्स आहेत. आधी प्लगिन्सखाली 'डिसेबल' लिहायचो ते आता रिपोर्ट सेक्शनखाली 'स्किप-प्लगिन्स' असं लिहावं लागतं. त्यामुळे अपडेटनंतर .आरपीएमन्यू, .आरपीएमसेव्ह, किंवा डेबियन-उबुंटूवर .डीपीकेजी-ओल्ड, .डीपीकेजी-डिस्ट अशा फायली /इटीसीमध्ये शोधा आणि एकेक ओळ हाताने नवीन फाइलमध्ये न्या, पाच मिनिटांचं काम आहे. उबुंटूवर अपडेट चालू असताना कॉन्फिग फाइल ठेवायची की बदलायची हा प्रश्न येतो तिथे न वाचता एंटर दाबू नका, डी दाबून फरक बघता येतो, तो बघा.

जुन्या स्क्रिप्ट

४.० आलं २०२० मध्ये आणि त्यात सॉसरिपोर्ट या एका कमांडच्या जागी सॉस ही मुख्य कमांड आली, तिच्याखाली रिपोर्ट, कलेक्ट, क्लीन अशा उपकमांड. बऱ्याच मशीनवर जुनं नाव टाइप केलं तरी ते "आता सॉस रिपोर्ट वापरा" असा मेसेज दाखवून पुढे ढकलून देतं, म्हणून लोक स्क्रिप्ट बदलतच नाहीत. पण तो मेसेज आउटपुटच्या सुरुवातीला येतो, आणि ज्यांच्या स्क्रिप्ट "अमुक नंबरच्या ओळीतून फाइलचं नाव काढ" अशा लिहिलेल्या आहेत त्या तिथेच घसरतात. ही सोय पुढच्या प्रत्येक आवृत्तीत राहीलच असं धरू नका, अपडेट करतानाच स्क्रिप्टमध्ये सॉस रिपोर्ट करून टाका. आणि क्रॉनमध्ये '--बॅच' लावलंय ना ते बघा, नाहीतर ते एंटर दाबायची वाट बघत बसेल आणि तिथे एंटर दाबायला कोणी नसतं.

अपडेट येतच नाही

इथे दोन-तीन वेगळी कारणं असतात आणि लोक सगळ्यावर एकच औषध लावतात, म्हणजे रेपो (जिथून पॅकेज येतात ते भांडार) बदलणे. थांबा जरा.

उबुंटूवर 'केप्ट बॅक' किंवा फेजिंगमुळे पुढे ढकललं असं दिसलं तर काही बिघडलेलं नाही. अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात, म्हणजे आधी थोड्या मशीनना आणि काही गडबड नाही दिसली तर हळूहळू सगळ्यांना, आणि २१.०४ पासून एपीटी (उबुंटूचं पॅकेज टूल) स्वतःच हे पाळतं. 'एपीटी पॉलिसी' चालवलं की पॅकेजपुढे किती टक्के फेज झालंय ते दिसतं. थांबायचं नसेल तर पॅकेजचं नाव देऊन इन्स्टॉल करा, ते येतं. तेही येत नसेल तर 'एपीटी-मार्क शोहोल्ड' बघा, कोणीतरी कधीतरी होल्ड लावून विसरलेला असतो (बहुतेक वेळा तो कोणीतरी म्हणजे आपणच).

रेड हॅटवर वेगळं. तिथे सबस्क्रिप्शन-मॅनेजरमध्ये रिलीज लॉक केलेली असते, म्हणजे समजा ८.६ वर अडकवून ठेवलेलं मशीन, तिथे ८.८ मधला सॉस कितीही वेळा डीएनएफ (रेड हॅटचं पॅकेज टूल) चालवलं तरी दिसणार नाही. 'रिलीज --शो' ने बघून घ्या आणि लॉक काढायच्या आधी तो का लावला होता हे विचारा, कारण तो काढून नुसतं डीएनएफ अपडेट मारलं तर सॉससोबत अख्खी सिस्टीम पुढच्या मायनर रिलीजवर जाईल.

तीच चूक एपीटीवरही होते. एक टूल अपडेट करायचंय आणि माणूस सगळं अपग्रेड मारतो, मग कर्नल नवीन, लायब्ररी नवीन, सर्व्हिसेस रिस्टार्ट, आणि ज्या प्रॉब्लेमचं निदान करायचं होतं त्याचे पुरावेच गायब. फक्त तेवढंच पॅकेज अपडेट करा, '--ओन्ली-अपग्रेड' आहे त्यासाठी, डीएनएफला पॅकेजचं नाव द्या. प्रपोज्ड रेपोमधून टेस्टिंगचं पॅकेज घ्यायचं असलं तरी तेवढं एकच घ्या, अख्खं प्रपोज्ड चालू करून प्रॉडक्शन मशीन अपग्रेड करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

नंबर बघून "जुनं आहे" म्हणणं

यावर जरा वाद घालतो मी लोकांशी. "अपस्ट्रीममध्ये इतकं पुढचं आलंय आणि आपल्याकडे ४.२ च आहे, म्हणजे असुरक्षित" असं म्हणून (अपस्ट्रीम म्हणजे टूलचा मूळ प्रोजेक्ट) सोर्सवरून इन्स्टॉल करायला निघतात. स्टेबल डिस्ट्रोत दुरुस्त्या मागच्या आवृत्तीत आणून टाकतात, मुख्य नंबर तोच राहतो आणि शेपटाचा नंबर वाढतो. उदाहरण घ्या, सीव्हीई-२०२२-२८०६ मध्ये (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा नंबर) रेड हॅट व्हर्च्युअलायझेशनचा अ‍ॅडमिन पासवर्ड न झाकता रिपोर्टमध्ये जात होता, आणि त्याची दुरुस्ती रेड हॅट ८.६ साठी आली ती ४.२-२० या बिल्डमध्ये. नुसतं ४.२ बघून काहीच कळत नाही, डॅशनंतरचा आकडा बघा, 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग' किंवा 'एपीटी चेंजलॉग' वाचा. उलट बाजूही तितकीच खरी आहे बरं का, हे नुसतं लॉग गोळा करणारं टूल आहे, अपडेट नाही केलं तर काय बिघडणार, हेही चूक. २०१५ मध्येच सीव्हीई-२०१५-७५२९ होऊन गेलाय, टेम्प डिरेक्टरीतल्या फाइलवर सिमलिंकचा (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) खेळ करून साधा लोकल युजर रिपोर्टमधली माहिती बघू शकत होता किंवा थेट रूटपर्यंत पोचू शकत होता.

एकाच मशीनवर दोन सॉस

कोणीतरी सोर्सवरून टाकलेला, कोणीतरी स्नॅपमधून, आणि वर डिस्ट्रोचा. अपडेट एकाला होतं आणि चालतो दुसरा. 'टाइप -ए सॉस' मारा, दोन पाथ दिसले तर एक काढून टाका. माझं मत विचाराल तर डिस्ट्रोचाच ठेवा, सपोर्टवाले त्याच्यावरच भरवसा ठेवतात. आणि लक्षात ठेवा की रूटचा पाथ आणि तुमचा पाथ वेगळा असू शकतो, त्यामुळे हे रूटच्या शेलमध्येही बघा, 'टाइप' ही शेलचीच कमांड असल्याने नुसतं पुढे सुडो लावून भागत नाही, 'सुडो बॅश -सी "टाइप -ए सॉस"' असं मारा.

घरचे प्लगिन

ज्यांनी आपल्या अ‍ॅप्लिकेशनसाठी स्वतःचा प्लगिन लिहून पायथॉनच्या साइट-पॅकेजेसमध्ये टाकला होता त्यांची ४ वर जाताना हमखास पंचाईत होते, कारण प्लगिनची डिरेक्टरी सॉस/प्लगिन्सवरून सॉस/रिपोर्ट/प्लगिन्सला गेली. तुमची फाइल जुन्या जागी तशीच पडून राहते, तिला कोणी वाचतच नाही, एररही येत नाही, फक्त रिपोर्टमध्ये तुमच्या अ‍ॅपचं काही नसतं आणि ते कळतं महिन्याभराने. नवीन जागी हलवली तरी आतली इम्पोर्टची ओळ बदलावी लागते, शिवाय ४ मालिका फक्त पायथॉन ३ वर चालते. दोन-चार फायली आणि एखाद-दुसरी कमांड एवढंच हवं असेल तर प्लगिनच्या भानगडीत पडू नका, नव्या आवृत्त्यांमध्ये /इटीसी/सॉस/एक्स्ट्राज.डी आहे, त्यात साधी टेक्स्ट फाइल ठेवायची, कमांड तशीच लिहायची आणि फाइलच्या पाथच्या आधी कोलन द्यायचा. अपडेटमध्ये ते सुटत नाही.

"नवीन आवृत्ती स्लो आहे" / "अडकली"

बहुतेक वेळा आवृत्ती स्लो नसते, एखादं एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) मेलेलं असतं आणि त्याला हात लावणारा प्लगिन तिथे लटकतो. प्लगिनला डिफॉल्ट ३०० सेकंद मिळतात, नंतर तो सोडून पुढे जातं, त्यामुळे दोन मिनिटांत कंट्रोल-सी मारू नका. कुठला प्लगिन लटकलाय ते स्क्रीनवर दिसतंच, तो '-एन' ने वगळा किंवा टाइमआउट कमी करा. कधी कधी उलट तक्रार येते, अपडेटनंतर फायरवॉलच्या काही कमांडचं आउटपुट रिपोर्टमधून गायब. तोही बग नाही. जी कमांड चालवल्याने कर्नल मॉड्यूल लोड होईल ती आता सॉस आपणहून चालवत नाही, हवीच असेल तर '--अलाउ-सिस्टीम-चेंजेस' द्यायचं. मला हा बदल आवडला, निदान करणाऱ्याने पेशंटला हात कमी लावलेला बरा.

जागेचं मात्र खरंच बघा. रिपोर्ट बनताना आधी सगळं उघडं गोळा होतं आणि मग त्याची दाबलेली फाइल बनते, म्हणजे काही काळ दोन्हीला जागा लागते. उबुंटूवर हे /टीएमपीमध्ये जातं, आणि /टीएमपी जर टीएमपीएफएस असेल, डेबियन १३ मध्ये तर डिफॉल्टच तसं आहे, तर ही सगळी जागा रॅममधून जाते, आणि रीबूट केलं की रिपोर्टही गेला. मेमरी संपलेल्या मशीनवर मेमरीचा प्रॉब्लेम शोधायला हे केलंत तर काय होईल सांगायला नको, '--टीएमपी-डीर' देऊन खऱ्या डिस्कवर न्या. '--एस्टिमेट-ओन्ली' वर पण आंधळा विश्वास नको, ते एकेका प्लगिनचा डेटा खरोखर गोळा करतं, मोजतं आणि पुसतं, त्यामुळे एखादा प्लगिन अवाढव्य असेल तर अंदाज घेतानाच डिस्क भरू शकते. ज्याच्यावर शंका आहे तो प्लगिन आधीच वगळा.

झाकायचं राहून जातं

४ वर आलात म्हणजे '--क्लीन' मिळालं, आयपी, मॅक अ‍ॅड्रेस, होस्टनेम वगैरे बदलून टाकतं. पण तुमच्या कंपनीची सगळी डोमेन त्याला आपोआप कळतील असं नाही, ती '--डोमेन्स' मध्ये द्या, प्रोजेक्टची गुप्त नावं असतील तर '--कीवर्ड्स' मध्ये. आधीच बनलेल्या रिपोर्टवर सॉस क्लीन चालवलं तर मूळ फाइल तशीच राहते आणि 'ऑब्फस्केटेड' शेपटाची दुसरी बनते, घाईत लोक मूळच अपलोड करतात. आणि शेजारी 'प्रायव्हेट_मॅप' नावाची फाइल पडते, तिच्यात कुठल्या खोट्या नावामागे खरं काय ते सगळं लिहिलेलं असतं. ती कुणाला पाठवायची नाही. हसू नका, दोन्ही एकत्र झिप करून पाठवलेलं मी पाहिलंय.

मग अपडेट झालं हे कधी मानायचं

मी आता पॅकेज नंबर बघून थांबत नाही. मशीन ठणठणीत असताना एकदा सॉस रिपोर्ट --बॅच चालवतो, टार उघडतो, सगळ्यात आधी व्हर्जन.टीएक्सटी बघतो की खरंच नवाच चाललाय का. मग सॉस_लॉग्ज डिरेक्टरी, तिथे 'प्लगिन-एरर्स' नावाने संपणारी फाइल असेल तर कुठला तरी प्लगिन आपटलाय, ती वाचायची. मग सॉस_कमांड्समध्ये आपल्याला नेहमी लागणाऱ्या दोन-चार गोष्टी आणि घरचा प्लगिन हजर आहे का, जुन्या आवृत्तीचा एखादा रिपोर्ट जपून ठेवला असेल तर दोन्हीच्या फायलींच्या याद्या डिफने शेजारी लावतो, काय सुटलं ते तिथे लगेच दिसतं. आणि शेवटी ती टेस्टची टार फाइल पुसून टाकतो, आत अख्ख्या सर्व्हरचा कच्चाचिठ्ठा असतो तिच्या.