लेकराच्या पोटात जंत येतात कुठून, आणि त्यांची वाट अडवायची कशी

माझ्या आजीच्या उजव्या घोट्यापाशी रुपयाएवढा पांढरट डाग होता. तो नारूचा, म्हणजे कातडीखाली वाढणाऱ्या दोऱ्यासारख्या लांब जंताचा. तिच्या तरुणपणी अख्खं गाव बारवेचं पाणी प्यायचं. पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. ज्याच्या पायात नारू असायचा त्याच्या फोडाची आग आग व्हायची, पाय पाण्यात घातला की बरं वाटायचं, आणि नेमक्या त्याच वेळी नारू आपल्या अळ्या पाण्यात सोडायचा. पाण्यातले सायक्लोप्स नावाचे बारीक किडे त्या अळ्या खायचे, माणसं ते पाणी प्यायची आणि साधारण वर्षाने आणखी कुणाच्या तरी पायातून नारू डोकं वर काढायचा. आजी सांगायची, काडीला गुंडाळून रोज बोटभरच ओढायचा. घाई केली आणि तुटला, की पाय मांडीपर्यंत सुजायचा.

नारूवर लस नव्हती, त्याला मारणारी गोळीही नव्हती. बारवेच्या पायऱ्या बंद झाल्या, हापसे आले, बाया पाणी दुहेरी फडक्यातून गाळू लागल्या. 1996 नंतर देशात नारूचा रोगी सापडला नाही आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. नुसती वाट अडवून एवढा मोठा रोग गेला.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात 12 वर्षं आशा, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते. "ताई, गोळी तर तुम्हीच खाऊ घातली की, मग पुन्हा जंत कामून झाले?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो, आणि तो अगदी रास्त आहे. जंताची गोळी आज पोटात असलेले जंत मारते. उद्या येणाऱ्यांना ती अडवत नाही. त्यासाठी ते येतात कुठून हे बघावं लागतं, आणि वाटा दोनच आहेत, तोंड आणि तळपाय.

तोंडावाटे येतो तो गोल जंत, गांडुळासारखा, वीतभर लांब. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचातून मातीत पडतात, दोन-चार आठवड्यांत तयार होतात आणि मग हाताला, नखाला, भाजीला चिकटून तोंडात जातात. ही अंडी फार चिवट असतात, मातीत वर्षानुवर्षं टिकतात. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याने ती मरत नाहीत. मरतात ती उकळल्याने. म्हणून कच्ची खायची कांद्याची पात, कोथिंबीर, मुळा, गाजर मोकळ्या पाण्यात चोळून दोन-तीनदा धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं म्हणजे झालं, असं नाही.

तळपायावाटे येतो तो हुककृमी. हा दिसायला अगदी बारीक, पण आतड्याला चिकटून रक्त पितो. शौच उघड्यावर पडलं की ओल्या, सावलीच्या मातीत आठ-दहा दिवसांत त्याची अळी तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून, बहुधा बोटांच्या बेचक्यातून, आत शिरते. तिथे खाज सुटते, आपण म्हणतो चिखल्या झाल्या. आपल्या बालाघाटाच्या माळावर उन्हाळ्यात माती अशी तापते की अळी टिकत नाही. पण उसाच्या फडात वर सावली, खाली पाटाचं पाणी. ऊसतोडीला जाऊन कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहणाऱ्या बायांना पहाटे अंधारात उसाच्या आडोशालाच जावं लागतं, आणि दिवसभर लेकरं त्याच बांधावर अनवाणी खेळतात. एप्रिलमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या गावी परत आल्या की मी लेकरांची खालची पापणी ओढून बघते. आतून लाल दिसायला पाहिजे, ती फिक्कट गुलाबी, कधी पांढरीच दिसते. लेकरू माती खात असेल, खेळता खेळता बसून घेत असेल, तर "आळशी झालंय" म्हणू नका, आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

शाळेत, अंगणवाडीत लेकरांना ही गोळी देण्याचा जंतनाशक दिन 2015 पासून सुरू झाला. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट. फेब्रुवारीत आमची निम्मी लेकरं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात फडावर असतात. यादीत त्यांच्या नावापुढे "स्थलांतरित" लिहिताना दर वेळी माझा हात जड होतो, कारण गोळीची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते. म्हणून परत आल्या आल्या, शाळेची किंवा ऑगस्टची वाट न बघता, आपल्या आशाला नाहीतर नर्सबाईला गाठा आणि फेब्रुवारीची गोळी राहिली म्हणून सांगा.

गोळी अल्बेंडाझोलची, 400 मिलिग्रॅम. 1 ते 2 वर्षांच्या लेकराला अर्धी, दोन चमच्यांच्या मध्ये दाबून चुरून, पाण्यात कालवून. 2 ते 3 वर्षांच्या लेकराला पूर्ण, पण चुरूनच. त्याहून मोठ्यांनी चावून खायची, गिळायची नाही. रडणाऱ्या लेकराचं नाक दाबून, आडवं पाडून कधीच देऊ नका. माझ्यासमोर एका आजीने असं केलं होतं आणि लेकराला ठसका लागून ते निळं पडायला लागलं. पालथं करून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा तुकडा बाहेर आला. वर्षाच्या आतल्या लेकराला गोळी द्यायची नाही, तापाने फणफणलेल्याला त्या दिवशी नाही. झटके येत असतील किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला गोळीनंतर थोडं मळमळतं, पोट दुखतं. सावलीत झोपवा, पाणी पाजा, काही तासांत उतरतं.

रात्री शीच्या जागी खाजवत रडत उठणाऱ्या लेकराचं दुखणं वेगळं. हे सुताएवढे पांढरे किरम. लेकरू झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी घेऊन बघा. मादी अंडी घालायला त्याच वेळी बाहेर येते, दोऱ्याच्या तुकड्यासारखी वळवळताना दिसते. याला मातीची गरज नाही. लेकरू खाजवतं, अंडी नखात जातात, तोच हात तोंडात, आणि तीच अंडी गोधडीला, शेजारी झोपलेल्या भावंडाला. एकट्या लेकराला गोळी देऊन हा जात नाही. डॉक्टरांना विचारून सगळ्या घराने एकाच दिवशी घ्यावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. त्या काळात रात्री चड्डी घालूनच झोपवा, सकाळी उठल्या उठल्या धुवा, नखं मुळापर्यंत कापा. अंथरूण घरात झटकू नका. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.

आता हात धुण्याचं. उन्हाळ्यात टँकर आठ दिवसांनी येतो तिथे "नळाखाली हात धरा" हे सांगण्यात अर्थ नाही. आमच्याकडे मी हे करून दाखवते. लिटरभराची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या. बुडापासून दोन बोटं वर तापवलेल्या दाभणाने एक भोक पाडा. भोकावर बोट ठेवून बाटली भरा, झाकण घट्ट लावा आणि बोट काढा. पाणी थांबून राहतं. झाकण थोडं सैल केलं की बारीक धार लागते, पुन्हा आवळलं की बंद. सुतळीने ती संडासाच्या दाराशी लेकराच्या हाताला येईल अशी टांगा, बाजूला साबणाचा तुकडा जुन्या मोज्यात घालून. हात ओला करा, धार बंद करा, नखांपर्यंत साबण चोळा, मग धार सोडा. तांब्याने ओतलं तर दोन जणांत संपणारं पाणी अख्ख्या घराला पुरतं, आणि लेकरांना त्याची गंमत वाटते म्हणून ती न सांगता हात धुतात.

संडासात कडबा आणि गोवऱ्या रचलेल्या असतील तर आधी त्या बाहेर काढा. तान्ह्याची शी उकिरड्यावर टाकू नका, संडासात टाका. दुधपित्याच्या शीने काही होत नाही हा समज चुकीचा आहे, रांगायला लागलेलं लेकरू सगळं तोंडात घालतं. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा पुरतं एक वर्ष बंद ठेवल्याशिवाय उपसू नका.

गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. झोपेत दात खाल्ले म्हणजे जंतच, असंही नाही. वावडिंगाचा काढा घरोघरी देतात, पण त्याच्या भरवशावर गोळी चुकवू नका.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाची गाडी येते तेव्हा मी घरोघरी जाते. भांडी, पीठ, कोयते बांधून झालेले असतात. त्या गाठोड्यात लेकरांच्या मापाचे बंद बूट घाला, कारण चपलेत चिखल आणि ओली माती शिरतेच. नखं कापायचं यंत्र, दोन साबण आणि भोक पाडलेली एक बाटलीही घाला. लेकराचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर ठेवा. कारखान्याच्या गावाला पोचलात की पहिल्याच आठवड्यात तिथली अंगणवाडी कुठे आहे ते विचारून घ्या, आणि 10 फेब्रुवारीला सकाळी फडावर जायच्या आधी लेकराला तिथे घेऊन जा.