बोट घेऊन फिरायला निघताय? आधी हे बघून घ्या

लाइफ जॅकेट बोटीत पडलंय म्हणजे झालं असं नसतं हं, प्रत्येकाला घालून बघायचं, पट्टे आवळायचे आणि खांद्याला धरून वर ओढायचं, हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात उपयोग नाही. लहान मुलांचं वेगळंच लागतं, मोठ्यांचं चालत नाही.

इंधनाचा हिशोब सोपा, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेलं राखीव, त्याला हात लावायचा नाही.

इंजिन आत बसवलेलं आणि पेट्रोलचं असेल तर स्टार्ट करायच्या आधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, निदान 4 मिनिटं चालवाच, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली तळात साचते आणि एक ठिणगी पुरते. नाकानेही वास घेऊन बघा, कंटाळा नको. किल स्विचची दोरी चालवणाऱ्याने अंगाला अडकवायची, म्हणजे तो पडला तर दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होतं.

हवामान निघायच्या दिवशी सकाळी परत बघा, आदल्या रात्रीचं धरून बसू नका. कुठे जाणार, कधी परतणार हे किनाऱ्यावरच्या कोणालातरी सांगून ठेवा. मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, पण समुद्रात त्याच्या भरवशावर राहू नका, व्हीएचएफ रेडिओ (दुसऱ्या बोटींशी आणि किनाऱ्याशी बोलायचा बिनतारी संच) ठेवा, मदतीसाठी चॅनल 16. आणि दारू? ती परत आल्यावर, धक्क्यावर.