फ्रान्सच्या ओढीने गेलेल्यांच्या आठवणी कशा वाचाव्यात

पार्ल्यात मी घरी फ्रेंच शिकवते. दुपारी शाळेची मुलं, संध्याकाळी मोठी माणसं: कुणी नुकतंच निवृत्त झालेलं, कुणाची लेक तुलूझला शिकायला गेलेली. व्याकरणाची गाडी जरा रुळावर आली की या मोठ्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, तिकडे जाऊन राहिलेल्या लोकांनी लिहिलेलं काहीतरी सांगा ना, सुरुवात कुठून करू?"

सुरुवात पाककृतींची लेखिका ज्युलिया चाइल्ड हिच्या 'माय लाइफ इन फ्रान्स'पासून करा. नोव्हेंबर 1948 मध्ये ही अमेरिकन बाई नवऱ्याबरोबर ल आव्र बंदरात उतरते. पॅरिसच्या वाटेवर रूआंला दोघं जेवायला थांबतात आणि तिच्या पुढ्यात लोण्यात परतलेला सोल मासा येतो. सोल म्हणजे आपल्या बाजारातल्या लेपचाच भाऊबंद, चपटा आणि नाजूक. ही पानं भराभर उलटू नका. ताटात काय आलं, कशानंतर काय आलं आणि बोलणं कोण करत होतं, तेही बघा. फ्रेंच बोलायचा तो नवरा. तिला तेव्हा धड दोन वाक्यं बोलता येत नव्हती. पुढे ती भाषेच्या शिकवणीला जाते, बाजारात भाजीवाल्या बायकांशी गप्पा मारत शिकते, 'कॉर्दों ब्ल्यू' या पाकशाळेत नाव घालते आणि तिथल्या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास होते. कारण काय, तर अवघड पदार्थांची तयारी जय्यत होती, पण शाळेच्या छोट्या पुस्तिकेतल्या साध्या कृती पाठ केलेल्या नव्हत्या! आपल्याकडच्या परीक्षांमधून गेलेल्या माणसाला हे पान लगेच भिडतं.

वाचताना एक वही जवळ ठेवा. लेखक फ्रान्सला कधी गेला, पुस्तक कधी लिहिलं, तिथे घरभाडं कुठून भरत होता आणि फ्रेंच किती येत होतं, एवढं प्रत्येक पुस्तकापुढे लिहायचं. यातला पैशांचा रकाना तर कधीच मोकळा सोडू नका. चाइल्डच्या नवऱ्याला अमेरिकन सरकारची नोकरी होती, हे ती लपवत नाही. तिचं पुस्तक 2006 मध्ये, ती गेल्यानंतर आलं. म्हणजे घटना अर्ध्या शतकापूर्वीच्या. तरी तपशील ताजे वाटतात, कारण नवरा-बायकोने त्या काळात घरी पाठवलेली पत्रं जपून ठेवलेली होती.

आता हाच कस अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेच्या 'अ मूव्हेबल फीस्ट'ला लावून बघा. पुस्तक अप्रतिम आहे. उपाशी पोटी लक्झेंबर्ग बागेतून चित्रं बघायला जाणारा तरुण लेखक एकदा वाचला की विसरता येत नाही. पण तो लिहितोय 1920च्या दशकाबद्दल, आणि लिहितोय जवळजवळ तीस वर्षांनी. छापून आलं 1964 मध्ये, तो गेल्यावर, त्याच्या चौथ्या बायकोच्या हाताखालून. 2009 मध्ये नातवाने त्याच हस्तलिखितातून वेगळी आवृत्ती काढली. आपल्या हातात कोणती आहे ते आधी पाहा. शेवटची प्रकरणं सारखी नाहीत.

आणि पैसा? पहिली बायको हॅडली हिच्याकडे वारशाचं उत्पन्न होतं, शिवाय तो टोरोंटोच्या वर्तमानपत्राला बातम्या पाठवत होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हुंडणावळ. पहिल्या महायुद्धाआधी एका डॉलरला साधारण 5 फ्रँक मिळत. 1922 मध्ये 12च्या आसपास आणि 1926च्या उन्हाळ्यात 40च्याही वर. अमेरिकन लेखकांची झुंबड पॅरिसला उडाली ती काही नुसत्या कलेच्या ओढीने नाही. हे कळल्यावर पुस्तक कमी आवडायला लागत नाही. उलट कॅफेत एका कॉफीवर तासन्‌तास बसणं कसं परवडत होतं ते उमगतं.

म्हणूनच आत्मकथनाच्या जोडीला चरित्र ठेवायचं. इंग्रज लेखक ऑर्वेलने 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' या 1933च्या पुस्तकात पॅरिसच्या हॉटेलात भांडी घासण्याचे दिवस लिहिलेत. तो उकाडा आणि ती घाण अगदी अंगावर येते. पण त्याची मावशी तेव्हा पॅरिसमध्येच राहत होती, हे चरित्रकारांकडून कळतं. अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनने तर आपली हकीकत सोबतीण ॲलिस टोक्लस हिच्या तोंडून सांगितली आणि पुस्तकाला नावही टोक्लसचं आत्मचरित्र असंच दिलं. तिथे पहिल्या ओळीपासून सावध राहा. प्रोव्हान्समध्ये घर घेऊन दुरुस्त करण्याची पुस्तकं मात्र मागे ठेवा. पीटर मेलचं 1989चं वाचायला गोड आहे, पण त्यातले गावकरी गवंडी-प्लंबर म्हणून येतात आणि हसवून जातात. त्यांच्या घरात आपण शिरत नाही.

जेम्स बाल्डविन वाचल्याशिवाय थांबू नका. 1948 मध्येच, चाइल्ड उतरली त्याच महिन्यात, हा काळा अमेरिकन लेखक 40 डॉलर खिशात घेऊन पॅरिसला पोचला. पुढच्या वर्षी डिसेंबरात एका ओळखीच्या माणसाने हॉटेलातून उचललेली चादर याच्या खोलीत सापडली आणि पोलिसांनी दोघांना धरलं. नाताळ तुरुंगात गेला. अधिकारी काय बोलतात, कोणत्या कागदावर काय लिहितात, काही नीट कळत नाही. शेवटी चादरीची गोष्ट ऐकून कोर्टात हशा पिकतो आणि तो सुटतो. त्या हसण्याबद्दल त्याने जे लिहिलंय ते दोनदा वाचा. 'नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन' या 1955च्या संग्रहात ही हकीकत सांगणारा 'इक्वल इन पॅरिस' हा लेख आहे.

आणि आपल्या मुंबईतून गेलेला माणूस? चित्रकार सय्यद हैदर रझा. जे. जे. कलाशाळेत शिकलेले, चित्रकारांच्या 1947च्या प्रोग्रेसिव्ह गटातले. 1948 मध्ये काश्मीरला छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले, 'सेझानचा (म्हणजे फ्रेंच चित्रकाराचा) अभ्यास कर' म्हणाले, आणि रझा मुंबईत परतून अलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकायला बसले. 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, 1959 मध्ये चित्रकार जानिन मोंजिलाशी लग्न केलं, आणि तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, साठ वर्षांचं बिऱ्हाड आवरून भारतात परतले. यशोधरा डालमियांनी त्यांचं चरित्र लिहिलंय, चित्रकार अमृता शेरगिलचंही. दोन्ही पाठोपाठ वाचा. अमृता सोळाव्या वर्षी पॅरिसला शिकायला गेली आणि 1934 मध्ये परत आली, रझा राहिले. पॅरिसमधली एकच कलाशाळा, तेच शहर, मग एक का परतली आणि दुसरा का राहिला, याचं उत्तर वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा.

पुस्तकं नवी घ्यायलाच हवीत असं नाही. हेमिंग्वे आणि ऑर्वेल फोर्टच्या किंवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर हमखास सापडतात. बाल्डविनसाठी जरा खेटे घालावे लागतील. रझांचं चरित्र संपलं की काळा घोड्याजवळच्या म्युझियममध्ये फोन करून जहांगीर निकल्सन दालनात सध्या त्यांचं चित्र लावलंय का ते विचारा, आणि असेल तर गर्दी टाळून मधल्या वारी सकाळीच जा.