बरणीतली खाडी: क्वांटम चढउतारांचं बल गाळात कसं पाहायचं

पावसाळ्यात वाशिष्ठीचं गढूळ पाणी दाभोळच्या खाडीत खारं होऊ लागलं की गाळ खाली बसू लागतो. मिठाने माती जड होते, हे त्याचं कारण नव्हे. कणांमधली ओढ गोड्या पाण्यातही असतेच, पण कणांवरचा ऋण भार त्यांना जवळ येऊ देत नाही. मीठ फक्त तो अडसर काढतं. ही ओढ येते कुठून? दोन पृष्ठभागांतल्या विद्युतभारांचे क्वांटम चढउतार, म्हणजे कधीच न थांबणारे सूक्ष्म हेलकावे, मधल्या पाण्यातून एकमेकांशी जुळतात, त्यातून. मधला द्रव धरून तिचं गणित द्झ्यालोशिन्स्की, लिफ्शिट्झ आणि पिटायेव्हस्की यांनी 1961 मध्ये मांडलं. डच भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक कॅसिमिरही या विषयाकडे वळले ते द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या कोड्यामुळेच.

केओलिन म्हणून मिळणारी चिनी मातीची पूड 4 ग्रॅम आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर 2 लिटर (ॲसिड नव्हे, नीट बघून घ्या) एकत्र ढवळा; पुढच्या पायऱ्यांसाठी डिस्टिल्ड वेगळं ठेवा. अंगणातली जांभ्याची माती नको. तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडांवर बऱ्याचदा धन भार असतो आणि ती गोड्या पाण्यातही गोळा होते. विहिरीचं पाणीही नको, त्यातल्या कॅल्शियमने सगळ्याच बरण्या निवळतील.

धुण्याचा सोडा, स्फटिकाचा नव्हे तर पुडीचा, 1 ग्रॅम 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि त्यातला 20 मिली मातीच्या पाण्यात घाला. हे टाळू नका. केओलिनच्या पापुद्र्यांच्या कडांवर आम्लधर्मी पाण्यात धन भार येतो. मग कडा सपाट बाजूंना चिकटून पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना होते आणि मिठाशिवायच माती बसते.

किमान 15 सेंमी खोल भांड्यात हे ढवळून सावलीत साडेसहा तास ठेवा. 28 अंशांना तेवढ्या वेळात 2 मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण वरच्या 10 सेंमीतून खाली गेलेले असतात. तेवढंच वरचं पाणी नळीने काढा.

सहा सारख्या बरण्यांत ते प्रत्येकी 150 मिली घाला. प्रत्येकीत आणखी 50 मिली घालायचं आहे: पहिलीत डिस्टिल्ड, दुसरीत 5 मिली समुद्राचं व 45 डिस्टिल्ड, तिसरीत 15 व 35, चौथीत सगळं समुद्राचं. पाचवीत सव्वातीन ग्रॅम साखर विरघळवून केलेलं 50 मिली, सहावीत तसंच पावणेदोन ग्रॅम मिठाचं. साखरेचं पाणी समुद्राच्या पाण्याइतकंच जड असतं, पण त्यात आयन नसतात. जडपणाचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. समुद्राचं पाणी खाडीपासून लांब, भरतीला, पावसाळा सोडून घ्या आणि गाळा.

अर्धं मिनिट जोरात, मग पाच मिनिटं हळू ढवळा. हळूच, कारण कण आदळल्याशिवाय चिकटत नाहीत, पण जोर झाला तर झालेले गोळे फुटतात. उन्हात ठेवाल तर पाणी फिरत राहतं आणि सीमारेषा दिसत नाही. बाजूने टॉर्च मारा. चौथीत आधी रवाळपणा दिसतो, मग वर निवळ पट्टा. पहिली आणि पाचवी दुसऱ्या दिवशीही गढूळ.

आकडे पाहा. भाराचा प्रभाव पहिल्या बरणीत सहा-सात नॅनोमीटरपर्यंत पोचतो, दुसरीत 2.3, तिसरीत 1.3, चौथीत 0.7. ओढीची ऊर्जा मात्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. हामाकर स्थिरांक, म्हणजे ओढीची ताकद सांगणारा आकडा, 2×10⁻²⁰ ज्यूल धरला, तर 0.1 मायक्रोमीटर बाजूच्या दोन चौरसांसाठी ती 10 नॅनोमीटरवर उष्णतेच्या धक्क्यांच्या ऊर्जेच्या 13 पट, 1 नॅनोमीटरवर 1300 पट भरते. मीठ या ओढीचाही मंद, शून्य वारंवारितेचा हिस्सा झाकतं. वेगवान चढउतारांमागे आयन धावू शकत नाहीत, म्हणून क्वांटम हिस्सा शाबूत राहतो.

सहाव्या बरणीतलं वरचं पाणी ओतून टाका, तितकंच, मातीच्या पाण्यात होता त्याच प्रमाणात सोडा असलेलं डिस्टिल्ड पाणी घाला, पुन्हा बसू द्या. असं तीनदा करून जोरात हलवलंत की ती परत गढूळ होते. चौथीवर हे करू नका: समुद्रातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मातीला धरून बसतं.