मोठ्या अपघातानंतर सोबत्याला पुन्हा सायकलवर कसं आणावं

मांडीच्या हाडात रॉड पडला, टाके निघाले, की सायकलवाला गडी लगेच विचारतो, "कधी निघायचं?" तुमचं खरं काम इथून पुढे त्याचा लगाम धरण्याचं असतं.

हाडाच्या डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न लिहून न्या. पायावर किती भार टाकायचा? एक्स-रेत हाड कितपत भरलंय? पुन्हा पडला तर रॉड-प्लेटचं काय होईल? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण रस्त्यावर कधी उतरायचं ते त्यावरच ठरतं. डोक्याला मार असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय काहीच सुरू करू नका. पोटरी एकाएकी सुजली किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. तसंच उचलून दवाखाना गाठा. आणि तंबाखू बंद. तिच्यामुळे हाड उशिरा भरतं.

सुरुवात घरात, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. पॅडल पूर्ण फिरायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर माणूस कंबर उचलून पॅडल ढकलतो आणि कंबर धरते. अशा वेळी पॅडल पुढे-मागे अर्धंच फिरवू द्या. १७० मिलिमीटरची क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, काढून १५५ची लावली तर गुडघ्याला कमी वाकावं लागतं. मात्र सीटही तेवढीच, म्हणजे १५ मिलिमीटर वर घ्या, नाहीतर पाय खाली पुरता सरळ होत नाही. समोर पंखा, सगळ्यात हलका गिअर, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. फिजिओ सांगतील तसं दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा.

निकाल लागतो दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्या उठल्या गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध टेप गुंडाळून घेर लिहून ठेवा. कालच्यापेक्षा सेंटीमीटरभर वाढला, किंवा दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं, तर त्या दिवशी सुट्टी आणि पुढच्या वेळी एक पायरी मागे. गडी "काही नाही रे, बरं आहे" म्हणेल; टेपचं ऐका.

तोवर सायकल बघून घ्या. अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी फेकून द्या. आतला थर्मोकोल एकदा दबला की पुन्हा धक्का झेलत नाही. कार्बनचा फोर्क आणि हँडल जाणकार मेकॅनिकला दाखवा. डिरेलर म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग; तो ज्यावर लटकतो तो मागचा हँगर वाकलेला असेल तर सगळ्यात हलक्या गिअरला डिरेलर चाकाच्या तारांत अडकून चाक जागीच जाम होतं. क्लीटचे, म्हणजे पॅडलला अडकणारे बूट सध्या नकोत, साधी पॅडल लावा.

रस्त्याआधी मोकळं मैदान. त्याला सरळ रेषेत चालवायला सांगा, मागे उभे राहून बोटं दाखवा. उजव्या खांद्यावरून वळून त्याने बोटं मोजायची, तीही सायकल न झुकवता. कॉलरबोन मोडलेल्याला इथेच अडतं, आणि मागून ट्रक येताना हेच लागतं. मग दोन्ही ब्रेक दाबून ठरलेल्या रेघेवर दहा वेळा थांबवा. मनगट दुखलं तर आठवडाभर थांबा.

साताऱ्यातला सायकलवाला पोवई नाक्यावरून कोरेगाव रस्त्याला लागतो. पण जाताना माहुलीपर्यंत उतार, म्हणजे दमून परतताना चढ. म्हणून सायकल गाडीत टाकून संगम माहुलीचा पूल ओलांडा, तिथून सुरू करा आणि ठरलेल्या वेळेला वळा, पाय कितीही चालत असले तरी. उजाडल्यावरच निघा. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागच्या दिव्याविना धावतात आणि कडेच्या पाचटावर चाक घसरतं. तुम्ही त्याच्या मागे, थोडं उजवीकडे राहा. मागची वाहनं तुम्हाला वळसा घालून जातील.

हॉर्न ऐकून तो दचकेल, हात गच्च आवळेल. "घाबरतोस काय" म्हणू नका. थांबा, पाणी प्या, त्याला वाटलं तर पुढे, नाहीतर गाडी बोलवा. जिथे अपघात झाला ती जागा त्याने मागितल्याशिवाय वाटेत आणू नका. महिनोन्‌महिने झोप उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तीही दुखापतच आहे.

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट सगळ्यात शेवटी. चढ त्याला जमेल, धोका उतरणीचा आहे: ब्रेक सतत दाबून पंजे आणि खांदे थकतात, वळणावर पकड सुटते. पहिले तीन-चार वेळा वर चढू द्या आणि खाली गाडीतून आणा.