उपकरणांची यादी शेवटी करा

नव्याने रुजू झालेले सहायक प्राध्यापक हमखास विचारतात, "संशोधनाला अनुदान मिळतं, पण बी.एस्सी.च्या शिकवण्याला कोण पैसे देतं?" देतात. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ पासून आहे आणि तिचा रोख पदवीच्या वर्गांतल्या प्रात्यक्षिकांवरच आहे. अर्ज महाविद्यालयाच्या नावाने जातो, लिहिणारे मात्र आपल्यातलेच कुणीतरी असतात. आमच्याकडे वनस्पतिशास्त्राचा भाग माझ्या वाट्याला आला होता.

अर्ज करायचं ठरलं की सगळे विभाग आधी कॅटलॉग उघडतात. जो तो महागडं यंत्र सुचवतो. ते आलं की कुलपात जातं, समितीची भेट असेल त्या दिवशी बाहेर निघतं. म्हणून तुम्ही सुरुवात प्रात्यक्षिकाच्या तासापासून करा. या तासात मुलं स्वतःच्या हाताने काय करतात आणि नुसतं काय बघतात, ते लिहून काढा.

कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन घ्या. बऱ्याच ठिकाणी तयार स्लाइड दाखवतात, मुलं जर्नलमध्ये आकृती काढतात, झालं. प्रत्येकाने स्वतः मुळाचं टोक रंगवून, दाबून स्लाइड करायची म्हटलं तर काय लागेल? कांदे स्वस्त, गुणसूत्रं रंगवायचं ॲसिटोकार्मिनही फार महाग नाही. पण सूक्ष्मदर्शक सहा आणि बॅच वीस जणांची, हा खरा अडसर. शिवाय विभाजन सकाळच्या वेळी चांगलं सापडतं. बॅच दुपारची असेल तर मुळं सकाळीच कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात ठेवायला हवीत. हे काम प्रयोगशाळा परिचराचं, म्हणजे त्यांचं प्रशिक्षणही अर्जात आलं पाहिजे. अशी चार-पाच प्रात्यक्षिकं उलगडून लिहिली की यादी आपोआप तयार होते, आणि सादरीकरणात "हे कशाला?" असं विचारलं तर उत्तर तुमच्याकडे असतं.

अभ्यासक्रम बदलण्याच्या गोष्टी जपून लिहा. संलग्न महाविद्यालयाला तो अधिकार नाही, अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. स्वायत्त महाविद्यालयाचं वेगळं, तिथे स्वतःचं अभ्यास मंडळ असतं. पण संलग्न असलात तरी तेच प्रात्यक्षिक कसं घ्यायचं, त्याला लघुप्रकल्प किंवा क्षेत्रभेट कशी जोडायची, एखादा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढायचा का, हे बरंचसं तुमच्या हातात असतं. मला तर वाटतं, खरी मोकळीक तिथेच आहे.

पैसे आल्यावर शिकवणं राहतं बाजूला आणि कागद सुरू होतात, याची तयारी ठेवा. खरेदी शक्यतो जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. टिकाऊ वस्तूंची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला, रसायनं आणि काचसामानाची वेगळी. आवर्ती (रसायनांसारख्या वारंवार होणाऱ्या खर्चाच्या) आणि अनावर्ती (उपकरणांसारख्या एकदाच होणाऱ्या खर्चाच्या) रकमा एकमेकींत मिसळू नका. आर्थिक वर्ष संपलं की अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र १२-अ या सरकारी नमुन्यात द्यावं लागतं आणि बँकेत पडून असलेल्या अनुदानावरचं व्याजही सरकारला परत करायचं असतं. नव्या लोकांना हे व्याजाचं प्रकरण ठाऊकच नसतं. कार्यालयातल्या लेखापालांशी पहिल्या हप्त्याआधीच बोलून घ्या, मार्चमध्ये त्यांना डोकं वर काढायला फुरसत नसते.

आता पदोन्नतीचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतल्या गुणांच्या तक्त्यात नवा अभ्यासक्रम रचण्याला २ गुण आहेत आणि १० लाखांवरच्या, पूर्ण झालेल्या संशोधन प्रकल्पाला १०. तेव्हा निव्वळ गुणांसाठी या वाटेला जाऊ नका, हिशेब जमणार नाही. मात्र काम केलंच, तर प्रात्यक्षिकांच्या नव्या पुस्तिका, मुलांचे अभिप्राय, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं यांची फाइल त्याच वेळी लावा. समन्वयक बदलले की जुने कागद कुणालाच सापडत नाहीत, आणि पुढच्या टप्प्यासाठी अर्ज करताना नेमके तेच मागितले जातात.